भोपळ्यातल्या म्हातारीची उशी : आर्वीच्या एका शिवणघराचे काम

लेकीकडे निघालेली म्हातारी, तिला वाटेत अडवणारा वाघ आणि परतीच्या वेळी उड्या घेत पळणारा भोपळा ही गोष्ट आमच्या घरी तीन पिढ्या सांगितली गेली आहे, त्यामुळे नातीसाठी काही भरायचे ठरवले तेव्हा दुसरे चित्र मनात आलेच नाही. आलेखाच्या कागदावर ते मी स्वतः उतरवले आणि १४ काउंटच्या आयडा कापडावर, म्हणजे इंचाला चौदा घरे असणाऱ्या कापडावर, सहापदरी दोऱ्याचे दोन पदर घेऊन फुलीच्या टाक्याने भरले. १४० बाय १४० घरांचे काम पूर्ण झाले तेव्हा दहा इंचांचा चौरस हाती आला. त्याला सात महिने लागले. त्याची शोभेची उशी करण्यासाठी आर्वीच्या बाजारओळीतील दोन मशीनच्या एका शिवणघराकडे मी ते सोपवले.

सोपवताना मन धास्तावलेले होते, कारण याआधी चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचे एक भरतकाम मी मोठ्या शहरातील एका दुकानात दिले होते आणि ते पुरते वाया गेले होते. तिथे टाक्यांच्या अगदी कडेला कात्री लावण्यात आली. आयडाची वीण सैल असते, कापलेल्या कडेचे धागे लगेच सुटू लागतात, आणि शिवणीला दाब, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, राखलेला नसल्यामुळे दोन महिन्यांत उशी एका बाजूने उसवली. शिवाय भोवतीचे सुती कापड न धुता लावले होते; पहिल्याच धुण्यात ते आटले आणि मधले भरतकाम फुगून चुण्या पडल्या.

आर्वीचे ते शिवणघर चालवणाऱ्या ताईंनी कापड हातात घेतल्यावर ते आधी उलटे करून पाहिले. मागच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी आहेत का, गडद दोरा एका जागेवरून दुसरीकडे ओढत नेला आहे का, हे त्या बोटाने चाचपत होत्या. मग त्यांनी विचारले, "ताई, हे धुतलं काय?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी ते परत दिले. सात महिने हाताळलेल्या कापडाला हाताचा घाम आणि तेलकटपणा लागलेला असतो, कापड ताणून धरणाऱ्या रिंगचा वळ पडलेला असतो, आणि वरून गरम इस्त्री फिरली की असे डाग कायमचे बसतात, हे त्यांचे म्हणणे होते. मी घरी धुतले तेव्हा म्हातारीच्या लुगड्याचा लाल रंग पहिल्याच पाण्यात उतरू लागला. त्याविषयीही ताईंनी आधीच बजावले होते: रंग सुटला तर कापड वाळू द्यायचे नाही, गार पाणी नितळ येईपर्यंत बदलत राहायचे. पाच पाणी झाली, सहावे स्वच्छ आले. त्यानंतर टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपले आणि जाड टॉवेलवर भरतकाम पालथे ठेवून मागून इस्त्री केली, म्हणजे टाके दबत नाहीत, उठून दिसतात. ज्या शिवणघरात कापड घेण्याआधी एवढे सांगितले जाते, तिथे काम निर्धास्तपणे द्यावे, हे माझे मत त्याच दिवशी झाले.

खरे कसब पुढे होते. "आधी घरं मोजू द्या मले, मंगच कैची लावतो," असे म्हणून त्यांनी चित्राच्या चारही बाजूंनी दोन घरे मोकळी सोडली आणि तिसऱ्या घराच्या छिद्रांच्या ओळीतून निळ्या दोऱ्याचा कच्चा टाका घातला. खडूची रेघ त्यांनी मारलीच नाही. आयडावर खडूने रेघ मारली तर ती एखाद्या घराने तिरपी होते, आणि फुलीचे भरतकाम चौकोनीच असल्यामुळे तेवढा तिरपेपणाही लांबून डोळ्यांत खुपतो. छिद्रांच्या ओळीतून गेलेली शिवण मात्र चुकूच शकत नाही. शिवणीबाहेर त्यांनी पाऊण इंच कापड राखले, धागे सुटू नयेत म्हणून कडेला पिको केले आणि मागे पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारे अस्तर, चिकटवले. आज वाघाच्या शेपटीपासून खालच्या शिवणीपर्यंतचे अंतर कुठेही मोजले तरी दोनच घरे भरते.

भोवती लावण्यासाठी मी हळदट पिवळी खादी नेली होती. ती वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून, गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेतून, आणलेली होती. हातसुताचे कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ताईंनी ते रात्रभर भिजवून, वाळवून, मगच कापले. चारही बाजूंनी दोन-दोन इंचांची पट्टी आल्याने उशी सुमारे चौदा इंचांची झाली. खादीचे सूत मूळचेच उंचसखल असते. तिच्या शेजारी दोऱ्याचे टाके परके वाटत नाहीत, हे गुळगुळीत साटीनने कधीच साधले नसते.

पायपिंगच्या, म्हणजे कडेने लावलेल्या दोरीच्या गोटाच्या, बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. पट्टी उरेब, म्हणजे तिरपी, कापली होती, आत दोरीही योग्य जाडीची होती, आणि सरळ बाजूंना ती सुरेख बसली आहे. पण कोपऱ्यांवर आतले जास्तीचे कापड छाटायचे राहिले, त्यामुळे चारांपैकी दोन कोपरे जाड आणि बोथट झाले आहेत. लग्नसराईमुळे काम आठ दिवस उशिराही मिळाले. उशिराचे मला काही वाटत नाही, पण अशा कामात कोपऱ्यांकडे सर्वांची नजर जाते, आणि हे मी ताईंना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते कोपरे उसवून पुन्हा करून देण्याचे मान्य केले आहे.

भरणासाठी त्यांनी फायबर सुचवले होते. मी ऐकले नाही. कपाशीच्या मुलखात राहून उशीत फायबर भरणे मला पटत नव्हते. गावच्या पिंजाऱ्याकडून सुमारे अर्धा किलो कापूस पिंजून घेतला आणि पंधरा इंचांची आतली उशी वेगळी शिवून घेतली. अभ्र्यापेक्षा ती इंचभर मोठी असली की अभ्रा ताठ राहतो, चित्राला घडी पडत नाही. कापूस दबतो आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पिंजावा लागतो, हे खरे आहे; ज्यांच्याकडे पिंजारी उरलेला नाही त्यांनी सावरीचा कापूस किंवा फायबर घ्यावे. चेन खालच्या शिवणीत लपवलेली असल्याने अभ्रा काढणे सोपे आहे.

शिलाईचे ३५० रुपये झाले, खादी आणि कापूस वेगळा. मोजणी, कच्चा टाका आणि पिको यांचे कष्ट पाहता मला हा दर कमीच वाटला. महिनाभर नातीने वापरल्यानंतर मी अभ्रा गार पाण्यात सौम्य साबणाने धुतला: लाल रंग जागचा हलला नाही, खादी आटली नाही, भोपळा पूर्वीइतकाच गोल दिसतो. आता ते दोन कोपरे तेवढे सोमवारी आर्वीला न्यायचे आहेत, आणि त्याच पिशवीत पुढच्या उशीचे धुऊन वाळवलेले भरतकामही.