किंडल की थेट पीडीएफ?

कथासंग्रह तयार आहे, आता विकायचा कुठून? अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक म्हणून, की यूपीआयने पैसे घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवायची?

हिशेब आधी. किंडलवर भारतातल्या विक्रीला ७० टक्के रॉयल्टी हवी तर पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत घालावं लागतं, नाहीतर ३५. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे विकायची नाही, स्वतःची पीडीएफसुद्धा. छापील चालते. पैसे येतात साधारण दोन महिन्यांनी. पीडीएफचे शंभर रुपये मात्र अख्खे आणि लगेच.

पण वाचक? पुण्या-मुंबईचा, परदेशातला अनोळखी वाचक किंडलवरच भेटणार. आमच्या खानापूर-निपाणीकडचा म्हणतो, "फोनवर पाठवा की!" बेळगावजवळच्या कडोलीच्या साहित्य संमेलनात मंडपाबाहेर क्यूआर कोड चिकटवून बसलो होतो. एका आजोबांनी चष्मा वर करून तो न्याहाळला. "हे ठीक, पण पुस्तक कुठाय?" शेवटी नातवाने स्कॅन केलं. संध्याकाळपर्यंत तीच पीडीएफ त्यांच्या गल्लीच्या ग्रुपवर फिरत होती, फुकट. राग आला खरा. पण त्याच गल्लीतून दोघांनी पुढच्या पुस्तकाची चौकशी केली.

म्हणून पहिला संग्रह पीडीएफवरच ठेवलाय. दुसरा सिलेक्टमध्ये घालतोय.