विनगेट : वेळेवर ‘नाही’ म्हणणारे साधन

एखादे सॉफ्टवेअर हवे असले की त्याचे नाव शोधायचे आणि सर्वांत वर दिसणाऱ्या दुव्यावर डोळे झाकून क्लिक करायचे, ही सवय मला एकदा चांगलीच भोवली. तो दुवा जाहिरातीचा निघाला. पानावर ‘डाउनलोड’ असे लिहिलेली तीन ठळक बटणे होती. त्यांतले मी दाबलेले बटण चुकीचे होते, आणि हव्या असलेल्या प्रोग्रॅमसोबत ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणारा एक आगंतुकही संगणकात येऊन बसला. त्याला हुसकावण्यात अख्खी संध्याकाळ गेली. त्यानंतर मी विंडोजवरील बहुतेक सॉफ्टवेअर विनगेटमधूनच घेऊ लागले.

विनगेट हा मायक्रोसॉफ्टचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्रॅम शोधून, उतरवून बसवणारे आणि अद्ययावत करणारे साधन, असून त्याची १.० आवृत्ती मे २०२१ मध्ये आली. विंडोज ११ मध्ये तो आधीपासूनच असतो. त्याला स्वतःची खिडकी नाही, बटणे नाहीत. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘विनगेट सर्च’ आणि पुढे प्रोग्रॅमचे नाव असे टाइप करावे लागते. (लिनक्सवाल्यांना याचे काहीच अप्रूप वाटणार नाही, डेबियन या लिनक्स प्रणालीचे ‘ॲप्ट’ हे साधन १९९८ पासून हेच करत आले आहे.)

याची खरी गंमत पडद्यामागे आहे. विनगेटच्या संग्रहातील प्रत्येक प्रोग्रॅमची एक नोंद गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर उघडपणे ठेवलेली असते. इन्स्टॉलर कोणत्या पत्त्यावरून उतरवायचा आणि त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे ६४ अक्षरांचा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा, काय असायला हवा, हे त्या नोंदीत लिहिलेले असते. विनगेट फाइल उतरवतो, तिचा ठसा स्वतः काढतो आणि दोन्ही जुळले तरच इन्स्टॉलर चालवतो. फाइलमधला एखादा बिट जरी बदललेला असला तरी ठसा पार वेगळा येतो, आणि काम तिथेच थांबते. निर्मात्याने जुन्याच पत्त्यावर नवी फाइल ठेवली आणि नोंद अद्ययावत व्हायची राहिली, तरीही असाच नकार मिळतो. अशा वेळी चिडचिड होते खरी, पण हा नकारच मला या साधनाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

अर्थात, ठसा जुळला म्हणजे फाइल निर्धोक ठरत नाही. ती नोंदवलेलीच फाइल आहे एवढेच त्यातून कळते. २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणकाच्या साफसफाईच्या प्रोग्रॅमच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी निर्मात्याच्याच यंत्रणेत शिरून घातक कोड मिसळला होता. ती फाइल अधिकृत संकेतस्थळावर होती आणि तिच्यावरची डिजिटल स्वाक्षरीही वैध होती. असा प्रकार विनगेटला केवळ ठशावरून ओळखता येणार नाही.

नाव टाइप करतानाही सावध राहावे लागते. एकाच नावाशी मिळतेजुळते अनेक प्रोग्रॅम यादीत येतात, म्हणून नावावर न जाता शेजारच्या रकान्यातला आयडी पूर्ण वाचून तोच द्यावा; त्यात आधी प्रकाशकाचे नाव असते.

अपडेटच्या बाबतीत मात्र मी या साधनावर मनापासून खूश आहे. फाइली आकुंचित करणाऱ्या सेव्हन-झिपसारखे काही प्रोग्रॅम स्वतःहून अद्ययावत होत नाहीत आणि वर्षानुवर्षे जुन्याच आवृत्तीत पडून राहतात. ‘विनगेट अपग्रेड’ एवढेच टाइप केले की सध्याची आणि उपलब्ध अशा दोन्ही आवृत्त्यांचे रकाने शेजारी शेजारी दिसतात. सर्व काही एकदम अद्ययावत करण्याची सोयही आहे, पण मी ती टाळते, कारण चालू असलेला प्रोग्रॅम मध्येच बंद होऊ शकतो. ज्यांची आवृत्ती विनगेटला ओळखता येत नाही, ते प्रोग्रॅम तर या यादीत आपोआप येतही नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेनूत जाऊन ‘अपडेट तपासा’ वर क्लिक करण्याचे जुने काम माझ्या मागे अजून आहेच.