गार्मिन जी५: जुन्या पॅनेलच्या गोल खाचेत डिजिटल स्क्रीन

जी५ हा विमानाचा कल आणि दिशा दाखवणारा छोटा डिजिटल स्क्रीन. जुन्या सेसना किंवा पायपर या छोट्या विमानांच्या ३ १/८ इंची खाचेत तो सहसा पॅनेल न कापता बसतो. विमानाची वीज गेली तरी त्याची बॅटरी ४ तासांपर्यंत तग धरते. दोन जी५ लावून कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) आणि दिशादर्शक दोन्ही बदलले, तर त्यांचे जायरो, म्हणजे आतल्या वेगाने फिरणाऱ्या चकत्या, हवा ओढून फिरवणारा व्हॅक्यूम पंपही काढता येतो. खरा फायदा तोच. मात्र जुना ऑटोपायलट व्हॅक्यूम जायरोवर चालत असेल, तर आधी त्याची सोय बघा.

डोकेदुखी मॅग्नेटोमीटरची, म्हणजे चुंबकीय दिशा मोजणाऱ्या जीएमयू ११ या सेन्सरची. त्याच्याजवळ स्टीलचा स्क्रू असला, की हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) चुकतं; दिव्यांची वायर असली, की दिवे लावताच ते ढळतं. मग कॅलिब्रेशन कितीही करा, उपयोग शून्य. आधी जागा तपासा, मगच भोकं पाडा. कॅन बसच्या, म्हणजे ही उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या डेटा वायरच्या, दोन्ही टोकांना टर्मिनेटर (टोकाचा रोधक) हवाच. वेग आणि उंचीसाठी हवेचा दाब आणणाऱ्या पिटो-स्टॅटिक नळ्या जोडल्यावर गळती तपासणीही.