गच्चीवरच्या बारा ग्रो बॅगा : आठ महिने वापरल्यानंतर

मागच्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेला त्या आठवड्यात, पुण्यातल्या आमच्या गच्चीवर बारा ग्रो बॅगा, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, मांडल्या. एचडीपीई नावाच्या टिकाऊ प्लास्टिकच्या, 220 जीएसएम (चौरस मीटरला 220 ग्रॅम) जाडीच्या. दहा 12 बाय 12 इंची आणि दोन 18 बाय 18. त्याआधी तुळशीशिवाय मी काही लावलेलं नव्हतं.

बॅगा उत्तम निघाल्या. पावसाळा आणि ऑक्टोबरचं ऊन खाऊनही कुठे विरल्या नाहीत. एका मोठीचा कान तेवढा उसवला, भिजलेली बॅग ओढली म्हणून. भरलेली मोठी बॅग दोघांनाही हलत नाही, तेव्हा जागा आधी ठरवा आणि खाली विटा द्या, म्हणजे भोकं मोकळी राहतात.

घोळ झाला तो मातीचा. मी नुसती लाल माती भरली होती. जुलैच्या झडीत ती दबून घट्ट झाली, वर पाणी साचू लागलं आणि मिरचीची सहाही रोपं पिवळी पडली. उपटली तर मुळं काळी, बोटात धरताच साल सुटून येणारी. मला फार वाईट वाटलं. सगळं ओतून पुन्हा भरलं: माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत सारख्या मापाने, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा धुवून घ्या, त्यात क्षार असतात. त्यानंतर एकही रोप कुजलं नाही. पाणीही आता बोट दोन पेरं मातीत घालून, कोरडं लागलं तरच.

पालक तीनदा कापला. मेथी महिन्याभरात तयार, पण एका छोट्या बॅगेत दोघांपुरतीही भाजी होत नाही. तीन बॅगांत एकदम पेरावी लागते. कोथिंबिरीला धने रगडून दोन फाकी करा, अख्खे पेरलेले माझे निम्मेही उगवले नाहीत. भेंडीवर पांढरी माशी आली, पाठोपाठ केवडा, म्हणजे ती माशी पसरवते तो विषाणूचा रोग. पानांच्या शिरा पिवळ्या दिसताच झाड उपटायला हवं होतं. मी निंबोळी तेल मारत बसले आणि चारही झाडं गेली.

दुधीने मात्र सगळं भरून काढलं. सुरुवातीला बोटभर फळं पिवळी पडून गळायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा बघ." सातच्या सुमारास वर गेले. मादी फुलाच्या मागे लव असलेला इवलासा दुधी असतो, नराला नुसता देठ. नर फूल तोडून पाकळ्या काढल्या आणि पराग मादीच्या मध्यावर हलकेच फिरवला. चार दिवसांत फळाने मान खाली घातली. त्या वेलाने अकरा दुधी दिले.

आता उन्हाळ्यासाठी हिरवी जाळी आणून ठेवली आहे. बॅगा आणखी चार घेणार, पण सगळ्या मोठ्या.