सिएरा नेव्हाडा बिगफूट: ताजी बाटली आणि चार वर्षं ठेवलेली बाटली

बिगफूट फ्रीजमधून काढून तशीच ग्लासात ओतली, तर दारूचा झणका मारणारी एक कडूजहर तपकिरी बिअर एवढंच पदरात पडतं. 'एवढं काय कौतुक करता हिचं' असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, किती गार होती? बर्फगार बिअरमध्ये माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोडवा दबतो आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, वास वर येत नाही. कडूपणा मात्र हटून बसतो. बाटली अर्धा तास बाहेर ठेवा, 12 अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ द्या आणि मग झाकण काढा. ग्लास वर निमुळता होणारा हवा, ट्यूलिप किंवा ब्रँडीचा. उंच सरळ ग्लासात हिचा निम्मा वास उडून जातो.

कॅलिफोर्नियातल्या चिको शहरातली सिएरा नेव्हाडा ही बिअर 1983 पासून करते आहे. बाजारात येते ती थंडीच्या हंगामात, आणि झाकणावर त्या वर्षाचा आकडा छापलेला असतो. अल्कोहोल 9.6 टक्के, कडूपणा 90 आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक). लागर म्हणजे रोजच्या साध्या, हलक्या बिअरचा कडूपणा बहुधा विसाच्या आत असतो, यावरून अंदाज यावा. बिगफूट ही बार्ली वाइन जातीची, म्हणजे नाव वाइनचं असलं तरी वाइनइतकी कडक बिअरच. ही जात मूळची इंग्लंडची. अमेरिकेत तिला पुन्हा उभं केलं सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने, 1975 साली, ओल्ड फॉगहॉर्न काढून. बिगफूटने त्याच साच्यात चिनूक, कॅस्केड आणि सेंटेनियल हे अमेरिकी हॉप्स हात सैल सोडून घातले. आज अमेरिकी बार्ली वाइन म्हटलं की जी चव डोळ्यांसमोर येते, ती घडवण्यात या बाटलीचा वाटा मोठा आहे.

आता ताजी बाटली. रंग गडद तांबूस, उजेडासमोर धरली की कडेला माणकासारखी लाल झाक. फेस मळकट पांढरा, दोन बोटं चढतो आणि एवढ्या कडक बिअरच्या मानाने बराच वेळ टिकतो. अल्कोहोल जास्त असलं की फेस लवकर बसतो. इथे हॉप्समधली कडू द्रव्यं त्याला धरून ठेवतात. ग्लास तिरका करून सरळ केला की काचेवर फेसाची जाळी राहते.

वासात पहिल्यांदा येते ती पाइनची राळ. ओली, चिकट, नाकाला जरा टोचणारी. तिच्या मागोमाग ग्रेपफ्रूटची साल, आणि ग्लास हातात धरून थोडा गरम झाला की खालून भाजलेल्या साखरेचा वास. अल्कोहोल नाकाला कळतं, पण स्पिरिटसारखं झोंबत नाही. कडक बिअर करताना यीस्टवर फार ताण येतो, आणि तापमान हाताबाहेर गेलं की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. इथे त्याचा मागमूस नाही. याला म्हणायचं हातखंडा.

पहिला घोट गोड लागतो. जेमतेम सेकंदभर. बिस्किट, टॉफी, थोडंसं पावाचं करपलेलं कड, आणि हे ओळखीचं होईपर्यंत कडूपणा येऊन सगळं ताब्यात घेतो. जिभेच्या मागच्या बाजूला तो बसतो तो घोट गिळल्यावरही हलत नाही. मला हे आवडतं, पण प्रत्येकाला आवडेल असं छातीठोकपणे सांगणार नाही. एवढा कडूपणा पेलवतो तो खालच्या गोडव्यामुळेच. ही बिअर करताना माल्ट भरपूर वापरतात आणि त्यातून घट्ट रस काढतात. अमेरिकी बार्ली वाइनची सुरुवातीची घनता 1.080 ते 1.120 च्या दरम्यान असते (पाण्याची 1.000). यीस्ट त्यातली सगळी साखर काही खात नाही. जी उरते तिच्यामुळे बिअरला अंग येतं. तोंडात ती जाडसर, जवळजवळ चावता येईल अशी लागते, आणि बुडबुडे बेताचेच असल्यामुळे पोट फुगत नाही.

ताज्या बाटलीबद्दल माझी एक तक्रार आहे. शेवटाकडे राळेचा कडूपणा आणि अल्कोहोलची ऊब दोन्ही एकदमच चढतात, आणि मधला माल्ट त्या गर्दीत चेंगरतो. अर्ध्या ग्लासानंतर जीभ दमते. चव चांगली असूनही पुढचा घोट घ्यायला जरा थांबावंसं वाटतं.

चार वर्षांच्या बाटलीत नेमकी हीच अडचण सुटलेली आहे. रंग एखादी छटा गडद, फेस कमी आणि लवकर बसणारा, तळाशी यीस्टचा पातळ थर. हळू ओतायची आणि शेवटचे दोन चमचे बाटलीतच राहू द्यायचे. ग्रेपफ्रूट पार गेलेलं. राळ आहे, पण लांबून आल्यासारखी, आणि तिच्या जागी मनुका, सुकं अंजीर, शेरीची (स्पेनची कडक वाइन) किंचित झाक आणि जळण्याच्या बेतात आलेला साखरेचा पाक. या बाटलीसमोर मी जास्त वेळ बसलो, कारण दर पाच मिनिटांनी वास बदलत होता. आधी मनुका पुढे, मग टॉफी, आणि ग्लास खोलीइतका गरम झाल्यावर चामड्यासारखं काहीतरी. कडूपणा आहेच. 90 चा कितीही उतरला तरी तो सपाट होत नाही. पण आता तो गोडव्याच्या बरोबरीने चालतो, त्याला ढकलून पुढे जात नाही.

मुरताना होतं काय, तर हॉप्सचा वास सगळ्यांत आधी उडतो. कडूपणा सावकाश उतरतो. बाटलीत राहिलेली थोडी हवा माल्टवर काम करते, आणि त्यातूनच शेरी आणि सुक्या मेव्याची चव येते. हीच हवा जास्त झाली किंवा बाटली उष्णतेत राहिली, की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि मग तिचं काही होऊ शकत नाही. म्हणून बाटली अंधारात, गार जागी आणि उभी ठेवायची. वाइनसारखी आडवी कशाला? पत्र्याच्या झाकणाला ओलं राहायची गरज नसते, आणि गाळ तळाशी नीट बसतो तो उभ्या बाटलीतच.

माझा एक मित्र अशी कुठलीही बाटली दहा वर्षांच्या आत उघडू देत नाही. जुनं ते सोनं, हा त्याचा हट्ट. बिगफूटच्या बाबतीत मला तो अजिबात पटत नाही. फार जुनी बिगफूट ही कुठलीही जुनी बार्ली वाइन असू शकते. हॉप्स गेले की हिची ओळख गेली. ज्याला निव्वळ मुरलेला माल्ट हवा आहे त्याने सरळ इंग्लंडची जे. डब्ल्यू. लीस हार्वेस्ट एल घ्यावी. 1986 पासून दर वर्षी होते, 11.5 टक्के, मॅरिस ऑटर माल्ट आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स, आणि ती खरोखरच लांब मुक्कामासाठी केलेली आहे. बिगफूटला तीन ते पाच वर्षं पुरेत.

गुण द्यायला मी बीजेसीपीची, म्हणजे बिअर स्पर्धांच्या परीक्षकांच्या अमेरिकी संस्थेची, पन्नासची पद्धत वापरतो. वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला पोत 5 आणि एकूण परिणाम 10. रूपाला तीनच गुण ठेवलेत हे मला मनापासून पटतं, कारण सुंदर दिसणाऱ्या भिकार बिअर जगात कमी नाहीत. ताज्या बाटलीला वासाचे 10, रूपाचे पूर्ण 3, चवीचे 15, पोताचे 4, एकूण परिणामाचे 7, म्हणजे 39. चार वर्षांच्या बाटलीला वासाचे 11 आणि चवीचे 18. फेस लवकर बसला म्हणून रूपाचा एक गुण कापला. पोत 4, एकूण परिणाम 9. बेरीज 44.

एक हिशेब मात्र डोक्यात असू द्या. 355 मिलीच्या या बाटलीत साधारण 34 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे पाच टक्क्यांच्या 330 मिलीच्या दोन बाटल्यांइतकं. चवीच्या गडबडीत ते लक्षात येत नाही आणि उठताना कळतं. दोघांत एक बाटली, तासभर, सोबत निळ्या बुरशीचं खारट चीज. गोड पदार्थ नको, त्याच्यापुढे ताजी बाटली आणखीच कडू लागते.

घ्यायची तर दोन तरी घ्या. एक लगेच उघडा, म्हणजे हॉप्स काय आहेत ते कळेल, आणि दुसरी विसरून जा. कडू बिअर मुळातच आवडत नसेल, तर चार वर्षं थांबूनही ही तुम्हाला आवडायची नाही. मग पैसे लीसवर घाला.