हीटर, बंब की रजई? खानदेशातल्या थंडीसाठी खर्च कुठं करावा

पुण्या-मुंबईहून बदलीवर आलेला माणूस जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्याला घाबरून येतो. सामानात कूलर असतो, जाड पांघरूण नसतं. आमच्या ऑफिसातले एक साहेब असेच डिसेंबरात हात चोळत विचारत होते, "हीटर कोणता घेऊ?" धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा १० अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत, त्यामुळे प्रश्न रास्तच. मी म्हटलं, हीटर सगळ्यात शेवटी.

आपली थंडी दिवसभराची नसते. दुपारी बाह्या दुमडाव्या लागतात. झोंबतं ते पहाटे तीन ते आठ. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यात उत्तरेचा वारा, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते. त्या पाच तासांत माणूस एकतर पांघरुणात असतो, नाहीतर न्हाणीत. पैसे तिथंच घालायचे.

आधी पाणी, कारण घरातली खरी भांडणं तिथंच होतात.

अंगण असेल तर बंबाला तोड नाही. पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, मूठभर काटकी, वर दोन जाड खोडं, आणि चहा होईपर्यंत पाण्याला चटका येतो. शिवाय भोवती हात शेकत बसायला मिळतं, ते वेगळंच. अडचण एवढीच की थंडी दिवाळीनंतर सुरू होते आणि पऱ्हाट्या शेतातून निघतात डिसेंबर-जानेवारीत. गेल्या वर्षीच्या रचून ठेवाव्यात तर त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून कृषी खातं साठवू नका म्हणतं. फ्लॅटवाल्यांनी हा परिच्छेद फक्त हळहळण्यासाठी वाचावा.

विजेच्या गिझरचा हिशेब सोपा आहे. २० लिटरची बादली १८ अंशांवरून ४२ वर न्यायला अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त वीज लागते. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे साधारण सव्वादोन युनिट. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढतं. दिवाळीच्या साफसफाईत कॉइल साफ करून घ्यावी. खेड्यावर सकाळच्या वेळी वीज जात असेल तर मात्र गिझरच्या भरवशावर राहू नका.

गॅस गिझर झटपट आणि खर्चालाही बरा, पण बंद न्हाणीत तो कधीच लावू नये. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आत बसल्या जागी बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर बाल्कनीत किंवा मागच्या वाड्यात, आत फक्त गरम पाण्याचा नळ, अशी सोय होत असेल तरच घ्या. प्लंबर "खिडकी आहे ना, चालतं" म्हणाला तरी ऐकू नका.

स्वतःचं घर आणि गच्ची असेल तर मी सोलरच सुचवीन. हिवाळ्यात ढग क्वचित, ऊन मुबलक. टाकीतलं पाणी सकाळपर्यंत गरम राहतं. पण गच्चीपासून न्हाणीपर्यंतचा पाइप रात्रभर गारठतो आणि पहिली बादली थंडच येते. पाइपला फोमचं आवरण घातलं तर थोडा फरक पडतो, नाहीतर ती बादली धुण्याला वापरावी. भाड्याच्या घरात सोलरचा विचारच करू नका.

आता वारा. रात्री उदबत्ती पेटवून उत्तरेकडच्या खिडकीच्या कडेनं हळू फिरवा, धूर जिथं एकदम आडवा होतो तिथं फट आहे. फोमची पट्टी चिकटवली की काम झालं. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली छोटी भोकं मात्र बुजवू नका. मी पुट्टीनं बुजवली होती, जूनमध्ये पावसाचं पाणी थेट दिवाणावर.

घर धाब्याचं असेल तर फार काही करावं लागत नाही, जाड मातीच्या भिंती सांभाळून घेतात. स्लॅब दिवसाचं ऊन धरून ठेवतो आणि रात्री हळूहळू सोडतो. खरे हाल पत्र्याच्या घरात. सूर्य मावळला की पत्रा गार, आणि पहाटे कधी आतून थेंब ठिबकतात. तिथं खालून छत मारून घेणं हा सगळ्यात शहाणा खर्च, कारण तेच मे महिन्यातही वाचवतं.

पांघरुणात दुकानातलं चकचकीत मऊ ब्लँकेट हलकं असतं, धुऊन लवकर वाळतं, पाहुण्यांसाठी ठीक. रोजच्यासाठी कापसाची रजई. कापूस आपल्याच मातीतला, पिंजून भरून घेतली की वर्षानुवर्षं चालते. पण कापूस दमट झाला की दडपतो, मग रजई जड लागते आणि ऊबही देत नाही. दर आठवड्याला दुपारभर गच्चीवर उन्हात टाकायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची. माझी आई अजून रजईखाली जुन्या लुगड्यांची गोधडी घेते. नुसती रजई दिली की म्हणते, "माले हिव वाजस." थरांत हवा अडकते, म्हणून दोन पातळ पांघरुणं एका जाडपेक्षा बरी, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

एवढं करूनही घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं म्हातारं माणूस असेल तर हीटर घ्या. लाल कांड्यांचा स्वस्त असतो, पण समोर बसेल त्यालाच ऊब, आणि पांघरूण जवळ गेलं की जळायची भीती. तेल भरलेला महाग, तापायला वेळ घेतो, पण झोपायच्या खोलीत तोच बरा. २००० वॅटचा सलग दोन तास तापत राहिला की चार युनिट, म्हणजे चौघांच्या जवळपास दोन दिवसांच्या आंघोळी. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं मात्र जिवावर बेतू शकतं, बंद न्हाणीतल्या गॅस गिझरसारखंच.

साहेबांनी शेवटी गिझर आणि दोन रजया घेतल्या. तिसरी त्यांनी पुण्याला सासऱ्यांना पाठवली.