रायझन ५ ७६००एक्स: ओव्हरक्लॉक करायचाय? आधी व्होल्टेज उतरवा

एएमडीचा हा प्रोसेसर सप्टेंबर २०२२ मध्ये आला. सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल-३ कॅश, एएम५ सॉकेट. बेस क्लॉक ४.७ गिगाहर्ट्झ, बूस्ट ५.३. ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. मल्टिप्लायर उघडा आहे, म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन मदरबोर्डच्या १०० मेगाहर्ट्झच्या ठोक्याला ५४ ने गुणायला, म्हणजे ५.४ गिगाहर्ट्झ मागायला, कुणी अडवत नाही. पण त्यातून मिळणारा वेग कंपनीने आधीच पिळून काढलाय, हातात येते ती फक्त गरम हवा.

हिशोब सोपा आहे. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा ५.१ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट पुरतात आणि ५.३ ला १.३ लागतात. वेग वाढला ४ टक्के, वीज आणि उष्णता वाढली साधारण २२ टक्के. शिवाय सगळे कोअर एका आकड्यावर बांधले की आपोआप होणारं बूस्ट बंद पडतं. सगळे कोअर मिळून ५.२ वरच स्थिर राहिले, तर एका कोअरवर चालणारी कामं आधीपेक्षा हळू होतात. एवढा खटाटोप करून!

जोराचं काम दिलं की तापमान ९५ अंशांवर जाऊन टेकतं. बघून धडकी भरते, पण डिझाइनच तसं आहे: सॉकेटला १४२ वॉटपर्यंत मुभा आहे आणि ९५ गाठेपर्यंत प्रोसेसर वेग वाढवत राहतो. जुन्या एएम४ सॉकेटचे कूलर बसावेत म्हणून वरचं झाकण जाड ठेवलंय, त्यातून उष्णता सावकाश बाहेर पडते. महागडा कूलर लावूनही फरक बेताचाच पडतो तो यामुळे. बॉक्समध्ये कूलर मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

खरी गंमत पीबीओमधल्या (एएमडीची बूस्ट वाढवायची सोय) कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये आहे. तो प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं खाली आणतो. आधी बायोस अपडेट करा आणि रॅमचं एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर क्रॅश रॅममुळे झाला की कोअरमुळे हे कळायचं नाही. पीबीओ ‘अॅडव्हान्स्ड’वर न्या, थर्मल लिमिट ८५ अंश करा, कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये ‘ऑल कोअर’, ‘निगेटिव्ह’, १५. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. तेवढ्याच विजेत प्रोसेसर जास्त वेग धरतो आणि तापमानही उतरतं. पाच-पाचने वाढवत जा. बूस्ट ओव्हरराइड २०० मेगाहर्ट्झपर्यंत देता येतो, पण त्याला हात सगळ्यात शेवटी लावा.

फोरमवर कुणाचा उणे ३० चालला म्हणून तुमचा चालेलच असं नाही. आणि फसगत होते ती इथेच: सगळे कोअर राबवणारी सिनेबेंच चाचणी तासभर बिनतक्रार चालते, मग ब्राउझर उघडताना मशीन रीस्टार्ट होतं. सगळे कोअर भरलेले असताना वेग खाली असतो, त्यामुळे कमी व्होल्टेज चालून जातं. एकच कोअर पूर्ण बूस्टवर उडी मारतो तेव्हा ते अपुरं पडतं. म्हणून कोअरसायक्लर वापरा. तो एकेका कोअरवर प्राइम९५ ही कस लावणारी चाचणी चालवतो आणि कोणता कोअर नापास झाला ते सांगतो. रात्रभर चालू द्या. नापास कोअरचा उणे आकडा ‘पर कोअर’मध्ये जाऊन पाचने शून्याकडे आणा, म्हणजे उणे १५ चा उणे १०. बहुधा सगळ्यात चांगले कोअरच आधी रडतात, कारण त्यांना कारखान्यातूनच काठोकाठ व्होल्टेज दिलेलं असतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा) नोंद दिसली तर क्रॅश झाला नसला तरी सेटिंग कच्चं समजा. वेग एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’वर बघा, साधा क्लॉकचा आकडा फसवा असतो.

रॅमसाठी डीडीआर५-६००० सीएल३० वर थांबा. त्यापुढे मेमरी कंट्रोलर बहुतेक वेळा अर्ध्या वेगावर आणावा लागतो आणि कमावलेलं तिथे जातं. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर ज्यात आहे त्या भागाचं) मात्र स्वतः तपासा. २०२३ मध्ये काही ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली, १.२ ते १.२५ पुरतं. एक्स्पो लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. रॅमचं ट्रेनिंग (मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, बटण दाबून बंद करू नका. दहा-पंधरा मिनिटांनीही काही दिसलं नाही तरच सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर आणा.

घ्यावा का? हे सगळं करायची हौस असेल तर साधा ७६०० घ्या. चिप तीच, ६५ वॉट, सोबत कूलर, आणि पीबीओ लावलं की दोघांतलं अंतर नावापुरतं उरतं. हौस नसेल आणि ७६००एक्स आधीच घेतला असेल, तर बायोसमधला ६५ वॉटचा इको मोड (वीज मर्यादित ठेवणारा) लावून मोकळे व्हा. गेममध्ये फरक शोधावा लागेल. वॉरंटीचं तेवढं बघा: पीबीओ आणि एक्स्पो दोन्ही एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहेत, त्यातून झालेलं नुकसान ती भरून देत नाही.